अजून नसलेला देव

देव आज नाही, पण उद्या होऊ शकतो. कांतँ मेयासू या फ्रेंच तत्त्वज्ञाचं हे म्हणणं मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, गडी थट्टा करतोय. देव आहे म्हणणारे, नाही म्हणणारे आणि कळायला मार्ग नाही म्हणणारे, अशा तिघांचं भांडण ऐकत आपण लहानाचे मोठे होतो. ‘अजून नाही’ असं त्यात कुणी म्हणत नाही. मेयासू म्हणतो, आणि अगदी गंभीरपणे म्हणतो.

हा मेयासू 1967 साली पॅरिसमध्ये जन्मला. 1997 साली त्यानं देवाच्या ‘नसण्या’वर प्रबंध लिहिला आणि मग तो तसाच छापायला दिला नाही; त्यातले काही उतारे 2011 मध्ये ग्रॅहम हारमन या अमेरिकन तत्त्वज्ञानं इंग्रजीत आणले, तेवढ्यावर बाहेरच्या वाचकाला भागवावं लागतं. ज्या देवाची वाट बघायची, त्याच्यावरचा ग्रंथही वाट बघायला लावतो म्हणायचा. गाजलं ते त्याचं 2006 मधलं ‘सांततेनंतर’ (सांतता म्हणजे मर्यादितपणा) अशा अर्थाच्या नावाचं छोटेखानी पुस्तक. त्याचा गुरू आलँ बादियू याची त्याला प्रस्तावना आहे. दोन वर्षांनी रे ब्रासिएनं ते इंग्रजीत आणलं आणि कुठल्या कुठे पसरलं.

मी तत्त्वज्ञानाच्या वाटेला जाणारी नव्हे. पुण्यातल्या एका महाविद्यालयात भूशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. हे पुस्तक एका जुन्या विद्यार्थ्यानं पाठवलं, “बाई, यात खडकांचं वय काढण्याबद्दल आहे” असं सांगून. होतंही.

पुस्तक देवापासून सुरू होत नाही. ते आकड्यांपर्यंत फार लवकर येतं: विश्वाचा उगम 1350 कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीची घडण 445 कोटी, पहिला जीव 350 कोटी, होमो हॅबिलिस 20 लाख. (आता विश्वाचं वय 1380 कोटी धरतात, पृथ्वीचं 454, मुद्द्याला त्यानं धक्का लागत नाही.) मग तो विचारतो, ही विधानं नक्की कशाबद्दल आहेत? माझ्या वर्गात कुणी असं विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, अरे, कशाबद्दल म्हणजे? पृथ्वीबद्दल! पण कांटनंतरच्या तत्त्वज्ञाला इतकं सरळ उत्तर देण्याची सोय राहिलेली नाही. कांटनं 1781 मध्ये सांगून ठेवलं की जग आपल्याला भेटतं ते आपल्या जाणिवेच्या चौकटीतून. त्या चौकटीबाहेर ते स्वतःपुरतं कसं आहे, हे कळायची वाट नाही. पुढे चौकटी बदलल्या. कुणी भाषा म्हटलं, कुणी इतिहास, कुणी देह. पण जग आणि जाणीव यांची जोडी फोडायची नाही हा दंडक राहिला. मेयासू त्याला सहसंबंधवाद म्हणतो. आता पृथ्वी घडत होती तेव्हा तर जाणीव नावाची चीजच नव्हती. मग सहसंबंधवादी शास्त्रज्ञाचं वाक्य मान्य करतो आणि हळूच त्याला शेपूट जोडतो: “...आपल्या दृष्टीनं.” या शेपटावर मेयासूचा डोळा आहे. वाक्य एकतर जसंच्या तसं खरं असतं, नाहीतर निरर्थक. मधला रस्ता नाही, असं तो ठणकावतो.

माझ्या कपाटात वाघोलीच्या दगडखाणीतला कॅव्हन्साइट या खनिजाचा एक नमुना आहे. काळ्या बेसॉल्टच्या पोकळीत पांढऱ्या स्टिल्बाइटचा थर आणि त्यावर निळ्याभोर सुयांचा गुच्छ, करंगळीच्या नखाएवढा. भिंगाखाली धरला की सुया वेगळ्या दिसतात, प्रत्येकीची कड चमकते. हा निळा रंग बघणाऱ्या डोळ्याशिवाय नाही, हे मी विनातक्रार मान्य करते. मेयासूही करतो, त्याच्या पुस्तकाचं पहिलं पानच या जुन्या भेदावर उभं आहे, की वस्तूचे काही गुण बघणाऱ्यावर अवलंबून असतात आणि काही नसतात. पण त्या सुयांमधलं व्हॅनेडियम माझ्या डोळ्याची वाट बघत थांबलं नव्हतं. दख्खनचा लाव्हा वाहिला तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. ही तारीख कशी काढतात ते सांगायचा मोह आवरत नाही. त्यासाठी जिरकॉन नावाचं खनिज लागतं, आणि बेसॉल्टमध्ये ते सहसा मिळत नाही. घाटरस्त्यात कातळाच्या दोन काळ्या थरांमध्ये जो तांबडा पट्टा दिसतो ना, तो म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तयार झालेली माती. तिच्यात ज्वालामुखीच्या राखेबरोबर पडलेले जिरकॉनचे बारीक कण सापडतात. जिरकॉन घडताना युरेनियमला आत घेतो, शिशाला जवळजवळ घेतच नाही. म्हणजे आज त्यात जे शिसं आहे, ते तिथेच, युरेनियम विरत विरत तयार झालेलं. मोजायचं आणि वय काढायचं.

एवढ्यासाठी मी या पुस्तकात शिरले होते. दुसऱ्या प्रकरणात देव आडवा आला.

देव तिथवर कसा आला, यासाठी थोडं मागे जावं लागतं. फेब्रुवारी 1957 मध्ये टोडनाउबर्गच्या व्याख्यानात जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर म्हणाला की पाश्चात्त्य तत्त्वज्ञानानं देवाला सगळ्या कारणांचं शेवटचं कारण करून टाकलं, स्वतःच स्वतःचं कारण असलेलं. आणि असल्या देवापुढे माणूस प्रार्थना करू शकत नाही, गुडघे टेकू शकत नाही, वाद्यं वाजवू शकत नाही की नाचू शकत नाही. हे वाचून मराठी माणसाला टाळ-मृदंग आठवले नाहीत तरच नवल! पण ही तक्रार हायडेगरच्याही आधीची. 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री पास्कालला कसलासा साक्षात्कार झाला. त्यानं कागदावर लिहिलं: अग्नी, अब्राहमचा, इसहाकचा, याकोबचा देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे. तो कागद त्यानं कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. 1662 मध्ये तो वारल्यावर नोकराच्या हाताला लागला. गणितात ज्याची ख्याती, त्यानं आपला देव असा अंगाशी शिवून ठेवावा!

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये पास्कालच्या या देवाचे दिवस पालटले. तत्त्वज्ञांचा देव मोडीत निघाला तसा दुसऱ्याला वाव मिळाला. जाँ-ल्युक मारियों या तत्त्वज्ञानं 1982 मध्ये थेट मांडलं की देवाला ‘आहे’ म्हणणंसुद्धा त्याला आपल्या कल्पनेच्या मापात बसवणं आहे. देवाचा विचार प्रेम म्हणून, देणं म्हणून करावा. पुस्तकात तो ‘देव’ हा शब्द फुली मारूनच छापतो. 1991 मध्ये दोमिनिक जानिकोनं चिडून लिहिलं की अनुभवाचं काटेकोर वर्णन करायला निघालेली ही मंडळी मागच्या दारानं धर्मशास्त्र आत आणतायत. मारियोंचं काही बिघडलं नाही. 2008 मध्ये तो फ्रेंच अकादमीवर निवडून गेला.

मेयासूची तक्रार जानिकोपेक्षा खोल आहे आणि मला ती या पुस्तकातली सगळ्यात टोचणारी वाटते. तो म्हणतो, अंतिम सत्याबद्दल आपण काही बोलू शकत नाही असं एकदा बुद्धीनं जाहीर केलं, की त्याबद्दल काहीही बोलणाऱ्याला ती अडवू कशी शकणार? देवाचं अस्तित्व सिद्ध करता येत नाही हे दाखवून आपण धर्माला नमवलं असं तत्त्वज्ञांना वाटलं. प्रत्यक्षात त्यांनी श्रद्धेची जबाबदारीच काढून घेतली. संताची श्रद्धा आणि माथेफिरूची श्रद्धा, दोन्ही बुद्धीच्या कक्षेबाहेर, म्हणून दोन्ही सारख्याच सुरक्षित. मला हे समजायला पॅरिसला जायची गरज नव्हती. “ज्याची त्याची श्रद्धा, आपण कशाला बोला” हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत इतक्या वेळा ऐकलंय, आणि ते म्हणणारे बहुतेक विज्ञानशाखेचे. त्यात सहिष्णुता असते असं आपण धरून चालतो. मेयासू म्हणेल, त्यात शरणागती आहे.

म्हणून अंतिम सत्याबद्दल बुद्धीनं पुन्हा तोंड उघडलं पाहिजे, पण जुन्या देवाला परत न आणता. हे कसं साधायचं? त्याची युक्ती अशी. सहसंबंधवाद्याला एक गोष्ट मान्य करावीच लागते: मी आहे तसा नसूही शकलो असतो, जग आहे तसं असण्याला शेवटचं कारण सापडत नाही. सहसंबंधवादी म्हणतो, ही आपल्या ज्ञानाची मर्यादा. मेयासू म्हणतो, मर्यादा कसली, हेच तर तुम्हाला गवसलेलं अंतिम सत्य आहे! कारण सापडत नाही, कारण ते नाहीच. जे जे आहे ते ते विनाकारण आहे आणि विनाकारण वेगळं होऊ शकतं. वस्तूच नव्हे, निसर्गनियमसुद्धा. अपरिहार्य असं एकच: काहीही अपरिहार्य नाही हे. या अवस्थेला तो हायपर-केऑस म्हणतो. त्यात ‘असल्यावाचून राहूच शकत नाही’ अशा वस्तूला जागा नाही. देकार्तचा देव गेला, लायब्निझचा गेला.

इथं मला ओळखीचा एक आवाज ऐकू येतो: “हे तर आमच्या ज्ञानेश्वरांनी सातशे वर्षांपूर्वी सांगितलंय.” नाही हो, नाही सांगितलेलं. मारियों वाचताना ‘अमृतानुभव’ आठवला तर ते मी समजू शकते; सत्, चित्, आनंद हे शब्दही तिथं पुरे पडत नाहीत असं ज्ञानेश्वर दाखवतात. पण ब्रह्म हे नसणं शक्यच नाही असं तत्त्व. मेयासू नेमकं तेच खोडतोय. त्याच्या येणाऱ्या देवाला कल्कीच्या पंगतीतही बसवता येत नाही. कल्की यायचाच आहे, फक्त कलियुग संपायचा अवकाश. मेयासूचा देव येईलच असं कुणी सांगू शकत नाही, खुद्द मेयासूही.

मग मुळात त्याला देव हवा कशाला? 2006 मध्येच ‘क्रितिक’ या नियतकालिकात त्यानं एक निबंध लिहिला, येऊ घातलेल्या शोकाबद्दल आणि येऊ घातलेल्या देवाबद्दल. तो म्हणतो, काही मृत्यूंचा शोक पुरा होतच नाही. अकाली गेलेले, हाल होऊन गेलेले, ज्यांच्या मरणाला कसलाही अर्थ लावता येत नाही असे. असे मृत जिवंतांवर घोटाळत राहतात. त्याच्या डोळ्यांसमोर विसाव्या शतकातले संहार आहेत. मी मात्र तो निबंध वाचला तो माझ्या मावसबहिणीचा मुलगा गेल्यानंतर.

अक्काचा मुलगा नोकरीच्या पहिल्याच वर्षी, रात्री दुचाकीवरून घरी येताना ट्रकखाली गेला. दहाव्याला आम्ही सगळे घाटावर होतो. पिंड मांडले आणि सगळे मागे सरकले. समोरच्या झाडावर कावळे होते, खाली मात्र एक उतरेना. मग सुरू झालं ते आपल्यातल्या प्रत्येकानं कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. भावोजी हात जोडून म्हणाले, “ताईच्या शिक्षणाची काळजी करू नकोस.” कुणी म्हणालं, गाडीचे राहिलेले हप्ते आम्ही फेडतो. त्याचा एक मित्र पुढे झाला आणि हुंदके देत म्हणाला, “तुझा कॅमेरा मी विकू देणार नाही रे.” ऊन चढत गेलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळ्यांनी खाली मान घालून पाय धुतले.

घरी आल्यावर आत्याबाई अक्काच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “चांगली माणसं देवाला आधी आवडतात गं.”

“आवडला म्हणून ट्रकखाली घालायचा?” अक्का म्हणाली. “तसल्या देवाच्या हाती मी माझं पोर द्यायची नाही.”

काका कोपऱ्यात बसले होते. सगळं आयुष्य त्यांनी बुवाबाजीविरुद्ध भांडण्यात घालवलेलं. घाटावर ते विधीत सामील झाले नव्हते, पण सकाळपासून सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या सांभाळत तेच उभे होते. ते म्हणाले, “अक्का, कुणी नेलं नाही त्याला. अपघात होता. देवाला मध्ये आणलंस तर राग येत राहील. सोडून दे.”

“म्हणजे तुमच्या हिशेबानं संपलं सगळं? एवढंच होतं त्याच्या वाट्याला?”

काका काही बोलले नाहीत. त्या पोराला सायकल त्यांनी शिकवली होती.

मेयासूनं जो पेच मांडलाय तो हाच, शब्दही फारसे वेगळे नाहीत. आस्तिकाला मृतांसाठी काही आशा ठेवता येते, पण ज्यानं हे होऊ दिलं त्याच देवाकडून. आणि असल्या देवाच्या सान्निध्यात अनंतकाळ काढायचा म्हणजे शिक्षाच. नास्तिक देवाला या आरोपातून मोकळा करतो, कारण तो नाहीच, पण मग मृतांना कधीच न्याय नाही. आस्तिक नास्तिकाकडे बोट दाखवतो, नास्तिक आस्तिकाकडे, आणि प्रत्येकाचं दुसऱ्याबद्दलचं म्हणणं खरं असतं. दोघंही समोरच्याच्या निराशेतून स्वतःचा धीर गोळा करतात. हे वाचताना मला दहाव्याची ती खोली जशीच्या तशी दिसली. पेच इतका नेमका मांडलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही, आणि एवढ्यासाठी मेयासूचं ऋण मानायला मी तयार आहे.

याच पेचातून दुसरी एक वाट हान्स योनास या ज्यू तत्त्वज्ञानं काढली होती. त्याची आई आउशवित्झमध्ये मारली गेली. 1984 मध्ये ट्यूबिंगेनच्या व्याख्यानात तो म्हणाला, देव आहे, चांगला आहे, पण सर्वशक्तिमान नाही. जग निर्माण करताना त्यानं आपली सत्ता सोडून दिली. तो मध्ये पडला नाही कारण पडू शकत नव्हता. या देवाबद्दल मला आदर वाटतो. पण जो स्वतः हतबल होऊन बघत राहिला, त्याच्याकडे अक्का काय मागणार? दोघं शेजारी बसून रडतील फार तर.

मेयासूचा देव निर्दोष आहे याचं कारण साधं: अपघाताच्या रात्री तो नव्हता. आणि नियम विनाकारण बदलू शकत असतील, तर असा देव पुढे प्रकटणं अशक्य नाही. आधी नुसतं द्रव्य होतं. मग जीवन आलं, जे द्रव्यात लपलेलं नव्हतं. मग विचार आला, जो जीवनात लपलेला नव्हता. प्रत्येक वेळी शून्यातून काहीतरी नवं. चौथं यायचं राहिलंय ते न्यायाचं जग, आणि न्याय सगळ्यांना हवा म्हणजे मृतांनाही, म्हणजे मृत पुन्हा उठले पाहिजेत. हे वाचताना हसू येतं हे मी लपवत नाही. पण मग विचार करते, पहिल्या सजीव पेशीच्या आधी कुणी ‘पुढे जगणं नावाचं काहीतरी होईल’ असं सांगितलं असतं तर? सांगायलाच कुणी नव्हतं, हा भाग निराळा.

माझी अडचण हास्यास्पदतेची नाही. माझी अडचण त्या जिरकॉनची आहे.

पहिल्या प्रकरणात मेयासू माझ्या बाजूनं उभा राहिला होता: भूशास्त्राचं विधान जसंच्या तसं खरं माना. पण ते विधान उभं आहे एका गृहीतकावर, की युरेनियम तेव्हाही आजच्याच गतीनं विरत होतं. हटन आणि लायल यांच्यापासून आम्हाला हेच शिकवलंय, की आज जे नियम चालतात त्यांच्या आधारानं भूतकाळ वाचायचा. आणि हे आम्ही आंधळेपणानं धरत नाही. निसर्गात युरेनियमची दोन घड्याळं आहेत. 238 वस्तुमानांकाच्या युरेनियमचं अर्धायुष्य 447 कोटी वर्षांचं, 235 च्याचं 70 कोटी 40 लाखांचं. दोन्ही वेगवेगळ्या जातीच्या शिशात संपतात. एकाच कणात दोन्ही मोजून वय काढलं आणि ते जुळलं तर विश्वास ठेवायचा, नाही जुळलं तर कणाला मधे काहीतरी झालंय असं समजायचं. 1972 मध्ये तर आणखी मौज झाली. आफ्रिकेतल्या गॅबॉन देशातल्या ओक्लोच्या खाणीतून फ्रान्सला गेलेल्या युरेनियममध्ये 235 चं प्रमाण 0.720 टक्क्यांऐवजी 0.717 भरलं. एवढ्याशा तुटीचा माग काढता काढता कळलं की सुमारे 200 कोटी वर्षांपूर्वी तिथं जमिनीतच अणुभट्टी पेटली होती, आपोआप. तिच्या राखेतल्या समेरियमच्या समस्थानिकांची प्रमाणं तपासली, तेव्हा अणुकेंद्राचे नियम तेव्हाही आजच्यासारखेच होते असं निष्पन्न झालं.

मेयासूला हे सांगितलं तर तो म्हणेल, नियम बदलले असं मी म्हणतच नाही. बदलू शकतात, एवढंच. बरं. पण कारणाशिवाय बदलू शकत असतील तर आजवर इतके गुण्यागोविंदानं कसे नांदले? हाच प्रश्न ह्यूमला आणि कांटला पडला होता, आणि मेयासूचं उत्तर हुशारीचं आहे. ‘बदलायला हवे होते’ असं म्हणणारा नकळत संभाव्यता मोजतो, फाशाच्या सहा बाजू मोजाव्यात तशी. पण कान्टोर या गणितज्ञानं दाखवून दिलंय की कुठल्याही अनंताहून मोठं अनंत असतंच, सगळं पोटात घेणारा शेवटचा संच नाही. मग सगळ्या शक्यता मोजणार कशा? बाजूच मोजता येत नसतील तर हा फासा इतका वेळ एकाच बाजूवर पडतोय याचं आश्चर्य करायचं कारण उरत नाही.

चला, मान्य. पण मग हेच हत्यार त्याच्या देवावरही चालतं. नियम टिकण्याची संभाव्यता काढता येत नाही तशी देव येण्याचीही नाही. तो लाखात एक शक्यतेनं येईल असंसुद्धा म्हणता येत नाही. ‘अशक्य नाही’ याच्यापुढे एक शब्द नाही. तितकंच अशक्य नाही की देवाऐवजी दुसरंच काही प्रकटेल, दुष्ट किंवा नुसतं मूर्ख. आलेला देव दुसऱ्या दिवशी विनाकारण नाहीसाही होईल. मेयासू म्हणतो, त्या न्यायाची आस धरून आज न्यायानं वागा, म्हणजे तो आला तर आंधळा अपघात ठरणार नाही. वागावं, जरूर वागावं. पण माझ्या वागण्यानं त्याच्या येण्यात तसूभर फरक पडत नाही हे त्यानंच आधी सिद्ध करून ठेवलंय. एका ट्रकच्या अपघातातून सुटायला आपण दुसऱ्या, आकाशाएवढ्या अपघाताची वाट बघायची, असं काहीसं होतं हे.

हे सगळं मी अक्काला सांगू नये असं ठरवलं होतं. पण एकदा तिनंच विचारलं, “काय एवढं वाचत असतेस?” मग सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत: एकजण म्हणतो देव अजून झालेला नाही, झाला तर गेलेल्यांना परत आणेल. मला वाटलं होतं, ती उडवून लावेल किंवा डोळ्यांत पाणी आणेल. तिनं दोन्ही केलं नाही. मेथी निवडत होती, ती निवडत राहिली आणि म्हणाली, “केवढ्या वयाचा येईल?”

मी गोंधळले. म्हटलं, याचा विचार फार पूर्वी झालाय. संत ऑगस्टीननं लिहिलंय की पुनरुत्थानाच्या वेळी सगळे तिशीच्या आसपासचे उठतील, ख्रिस्ताच्या वयाचे, लहानपणी गेलेलेसुद्धा.

“तिशीचा? गेला तेव्हा तेवीस पुरी नव्हती त्याला. मग मधली वर्षं कुणी जगायची?”

तेवीसचाच आला तर, असं मी विचारून पाहिलं. तर म्हणाली, “मग माझं काय वय असेल? मी म्हातारी होऊन मेलेली असणार. तो मला ओळखेल?”

अरिस्टॉटलनं आगाथॉन नावाच्या कवीचं एक वचन दिलंय, की घडून गेलेलं न घडलेलं करणं एवढी एकच गोष्ट देवालाही जमत नाही. मेयासूच्या देवालाही ती जमायची नाही असं मला वाटतं, आणि त्याचं कारण मेयासूच्याच पहिल्या प्रकरणात आहे. कुणी पाहो न पाहो, जे घडलं ते घडलं, जसं घडलं तसंच. ही हमी नसेल तर जिरकॉन म्हणजे वाळूचा कण. नियम उद्या बदलतील, मृत उठतील, सगळं कबूल. पण ती रात्र आणि तिच्यानंतर त्यानं न जगलेली वर्षं कातळातल्या थरासारखी तिथंच राहणार, आणि चौथं जग येणार ते त्यांच्यावर, त्यांच्याऐवजी नाही. अक्काला मी यातलं काही बोलले नाही. आगाथॉन तिला कशाला हवा. तो मुद्दा तिच्याकडे आधीच होता.